कर्णरंध्रातील गिटार

रात्री शेजाऱ्यांच्या निद्रेस बाधा न आणता विद्युत-गिटारचा रियाज करू इच्छिणाऱ्याने इन-इयर मॉनिटर निवडताना किमतीच्या हिशेबाआधी त्याच्या टोकाच्या मऊ रबरी टोपीची पारख करावी. कारण ती कर्णरंध्रात घट्ट बसली नाही, तर सुमारे 82 हर्ट्झ कंपनसंख्येच्या सर्वांत जाड तारेचा गंभीर नाद फटीतून निसटतो आणि उत्तम यंत्रही निःसत्त्व भासते. ब्लूटूथ मी साफ नामंजूर करीन: ध्वनीचे संकेतन-विसंकेतन होण्यात बहुधा सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा अधिक काळ खर्ची पडतो, आणि तार छेडणारे बोट व ऐकणारा कान यांची फारकत होते. वायरचाच घ्यावा. आवाजही बेताचा ठेवावा. 85 डेसिबलला 8 तास ही मर्यादा मानली, तर प्रत्येक 3 डेसिबल वाढीस ती मुदत निम्मी होते.