डिकीतली ऑइलची टाकी

परवा मित्राने त्याच्या मॉडिफाय केलेल्या गाडीची डिकी उघडली. स्टेपनीच्या जागी ॲल्युमिनियमची उभट टाकी! शेजारचे काका म्हणाले, "गॅस किट बसवलंस का रे?"

ही ड्राय संपची टाकी. एरवी ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्येच असतं. ट्रॅकवर लांब वळण वेगात घेतलं की ते एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातात. ड्राय संपमध्ये जादा पंप ते ऑइल सतत उपसून टाकीत सोडतात.

टाकी उंच, अरुंद हवी. फेसाळलेलं ऑइल वरून कडेकडेने गोल फिरत उतरतं, हवा सुटी होते, तळातून निव्वळ ऑइल पंपाकडे जातं.

डिकीत जागा मिळते, पण पाइप लांबतो. म्हणून तो जाड आणि कमी वळणांचा घ्या. टाकी आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याचा पक्का आडोसा हवाच. तापलेल्या ऑइलशी मस्करी नको.

लेव्हल बघायची ती इंजिन गरम आणि चालू असताना. जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ मध्येही हीच पद्धत.

पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, प्रेशर दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवा. आमचा त्यात दोनदा चहा झाला.

नुसतं ऑफिसला जायचं असेल तर हा खर्च करू नका.