तालीम, टपरी आणि वाढता मेंदू

मेंदूचा आकार लहानपणीच जवळपास पूर्ण होतो, पण आतली जुळणी पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. मज्जापेशींचे जे दुवे पुन्हापुन्हा वापरले जातात ते पक्के होतात, बाकीचे गळून पडतात. हे काम सर्वांत शेवटी पुरे होते ते कपाळामागच्या भागात; स्वतःला आवरणे, पुढचा विचार करणे हे त्याच भागाकडे असते. सुखाची ओढ लावणारी केंद्रे मात्र तेरा-चौदाव्या वर्षीच जोरात असतात. म्हणून या वयात चांगली सवय लवकर अंगवळणी पडते, आणि व्यसनही.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या कोल्हापूर भागात व्यसनाची पहिली पायरी बहुधा मावा असते. सुपारीची कात्रण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घासायचे आणि गालात बार धरायचा. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरते. मेंदूत ते असिटिलकोलिन या नैसर्गिक रसायनाच्या जागा घेते, डोपामिन सुटते आणि तरतरी वाटते. सतत मारा झाला की मेंदू अशा जागा वाढवतो, आणि मग मावा नसला की चिडचिड होते, पुस्तकात लक्ष लागत नाही. ‘मावा टाकला की डोकं चालतं’ असे मुले मनापासून सांगतात. प्रत्यक्षात माव्यानेच आणलेली मरगळ तेवढ्यापुरती हटलेली असते. अठराच्या आतल्यांना आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. टपऱ्यांवर तिची कसून अंमलबजावणी व्हायलाच हवी.

दारूचा घाव स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर बसतो. गांजाबाबत न्यूझीलंडमधील ड्युनेडिनचा अभ्यास प्रसिद्ध आहे. किशोरवयात सुरुवात करून वर्षानुवर्षे गांजा ओढणाऱ्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे 8 गुणांनी घसरलेला आढळला. यामागे घरची परिस्थितीही असू शकते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. पण कोवळ्या वयातला गांजा आणि पुढचे गंभीर मनोविकार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

राजर्षी शाहूंच्या आश्रयाने वाढलेल्या कोल्हापूरच्या तालमींची शिस्त या मेंदूला मानवणारी आहे. पहाटे उठणे, जोर-बैठका, लाल मातीतली मेहनत, दूध-बदाम, रात्री लवकर अंथरूण. व्यायामाने मेंदूत पेशींच्या वाढीला पोषक असे प्रथिन वाढते. पण यातले लवकर झोपणे सुटले तर पहाटेचे उठणे उलटते. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात झोप आणणारे मेलाटोनिन मुळातच उशिरा स्रवते. त्यात अंथरुणात मोबाइल आला की मध्यरात्र होते. सकाळच्या शाळेत मग मूल पेंगते आणि घरी आळशी ठरते. शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी न भरवण्याचे ठरवले. ती सवलत नववी-दहावीला अधिक गरजेची होती.

जिममधले नवे संकट मेफेंटरमाइनचे. शस्त्रक्रियेवेळी उतरलेला रक्तदाब चढवण्याचे हे इंजेक्शन काही तरुण व्यायामाच्या जोरासाठी टोचतात. ते ॲम्फेटामिनच्या जातीचे उत्तेजक आहे. त्याने थकवा जाणवत नाही, हृदयावर ताण येतो, झोप उडते आणि चटक लागते.

तंबाखू सोडली की पहिले काही दिवस तलफ आणि चिडचिड सर्वाधिक असते. तीन-चार आठवड्यांत ती बरीच ओसरते. त्या काळात मदतीसाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे.