खेकड्यांचे प्रजनन : थंड समुद्रातील आणि माळव्याच्या ओढ्यातील

प्राणिशास्त्राच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांत खेकड्याचे जीवनचक्र बहुधा एकाच क्रमाने दिलेले असते : अंडे, झोइया, मेगालोपा, लहान खेकडा आणि शेवटी प्रौढ खेकडा. हा क्रम चुकीचा नाही. परंतु तो समुद्रातील खेकड्याचा आहे, हे सांगावयाचे राहून जाते. इंदूरहून सांवेर रोडने उज्जैनकडे निघाले, औद्योगिक वसाहत मागे पडली आणि सोयाबीनची शेते सुरू झाली, की तेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असतो. या भागातील विद्यार्थ्याने पावसाळ्यात ओढ्याकाठची खेकड्याची मादी उलटी करून पाहिली, तर तिच्या पोटाखाली त्याला झोइया दिसत नाहीत. तेथे हरभऱ्याच्या डाळीहून लहान, पण पायांसकट पुरे घडलेले खेकडेच असतात. त्याने उत्तरपत्रिकेत तसे लिहिले, तर ते चूक ठरण्याचा संभव अधिक. प्रस्तुत लेखात हे दोन्ही प्रकार शेजारी ठेवून त्यांच्यातील फरकाचे कारण पाहावयाचे आहे.

प्रथम पाठ्यपुस्तकातील खेकडा. युरोपच्या किनाऱ्यावर, नॉर्वेपासून वायव्य आफ्रिकेपर्यंत, कार्सिनस मीनास या नावाचा हिरवट खेकडा आढळतो. आकाराने लहान, पाठीच्या कवचाची रुंदी फार तर ९ सेंटिमीटर. याची मादी कात टाकते तेव्हा तिचे नवे कवच काही काळ मऊ असते आणि मीलन त्याच वेळी होते. नर त्या आधी काही दिवस तिला स्वतःच्या पोटाखाली धरून राखण करीत फिरतो. नराकडून मिळालेले शुक्राणू मादी शरीरातील पिशवीत साठवून ठेवते आणि अंडी घालण्याच्या वेळी वापरते, मग मधे कितीतरी महिने गेलेले असोत. म्हणजे मीलन आणि गर्भधारणा या येथे दोन वेगळ्या घटना आहेत. वर्गात नेमका हाच मुद्दा घाईत सुटतो.

एका वेळी मादी १,८५,००० पर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी तिच्या पोटाखालच्या केसाळ उपांगांना चिकटून राहतात. आरंभी ती नारिंगी असतात. आतील बलक संपत जातो, गर्भाचे काळे डोळे दिसू लागतात, तसा पुंजका करडा होतो. मादी तो सतत हलवीत राहते, जेणेकरून प्रत्येक अंड्याला ताजे पाणी मिळावे. समुद्र थंड असल्याने ही अवस्था लांबते. खेकडा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीरातील सर्व क्रियांचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. हिवाळ्यात घातलेली अंडी वसंत ऋतूपर्यंत, म्हणजे काही महिने, मादीजवळच राहतात. एका दृष्टीने हा विलंब हिताचाच म्हणावा लागेल, कारण अंडी फुटतात तेव्हा समुद्रात सूक्ष्म वनस्पती वाढलेल्या असतात आणि पिलांना अन्न मिळते.

अंड्यातून बाहेर येते ती झोइया. खेकड्याशी तिचे काहीही साम्य नसते : मोठे डोळे, पाठीवर उभा काटा, लांब शेपटी, आणि एकंदर लांबी एक-दोन मिलिमीटर. ती पाण्यात तरंगते, चार वेळा कात टाकते आणि मग मेगालोपा होते. मेगालोपाला नांग्या असतात, पण शेपटी अजून मागे पसरलेली असते. किनाऱ्याजवळ तळ गाठून तिने आणखी एकदा कात टाकली की लहान खेकडा तयार होतो. पाणी १८ अंश सेल्सिअस असेल तर पिलांच्या या एकूण वाढीला सुमारे एक महिना लागतो, १२ अंशांना सुमारे दोन महिने. कोकणच्या खाड्यांतील मोठी चिंबोरी, सिल्ला सेराटा, हिच्या झोइया अवस्था पाच. तरीही उष्ण पाण्यामुळे अंडे फुटल्यापासून खेकडा बनेपर्यंतचा सारा काळ चार आठवड्यांच्या आसपास संपतो. अवस्था एक जास्त आणि वेळ मात्र कमी, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासारखे उदाहरण आहे.

झोइया ही खेकड्याचीच बालावस्था आहे, हे ज्ञान फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झोइया हा एक स्वतंत्र प्राणी मानला जाई आणि तिला तसे नावही दिले गेले होते. आयर्लंडमधील कॉर्क येथे असलेले लष्करी शल्यचिकित्सक जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी १८२८ मध्ये ती खेकड्याचे पिलू असल्याचे मांडले आणि १८३५ मध्ये वर वर्णिलेल्या किनारी खेकड्याच्याच आधारे दोन टप्प्यांतील रूपांतर स्पष्ट केले. त्याच वर्षी जॉन ओबदाया वेस्टवूड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने त्यांना जाहीर विरोध केला. वेस्ट इंडीजमधून आलेल्या जमिनीवरील खेकड्यांचे नमुने त्यांनी तपासले होते. त्यांत पिले आईसारखीच होती. सबब कवचधारी प्राण्यांत रूपांतर होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, याच वेस्टवूड यांनी दख्खनमधील एका गोड्या पाण्यातील खेकड्याचे शास्त्रीय वर्णन केले. हे नमुने कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी आणले होते. मुंबई इलाख्याच्या लष्करातील हे अधिकारी दख्खनच्या जीवसृष्टीचे अभ्यासक म्हणूनही प्रसिद्ध आहेत. आज ही जात बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलारिस या नावाने ओळखली जाते. नावाचा उत्तरार्ध बीळ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि तो सार्थच आहे. महाराष्ट्रात सर्वत्र व मध्य प्रदेशातही तिची नोंद आहे. सामान्य लोक याला खेकडाच म्हणतात. पुणे-सातारा भागात गोड्या पाण्यातील खेकड्यांना किरवी, तर रायगडकडे मुठे असे शब्द आहेत. दोघेही संशोधक आपापल्या खेकड्यापुरते बरोबर होते. चूक झाली ती एका खेकड्यावरून सर्व खेकड्यांविषयी बोलण्यात, आणि शालेय पुस्तकांतील एकमेव आकृती तीच चूक उलट दिशेने करते.

गोड्या पाण्यातील या खेकड्यांत झोइया आणि मेगालोपा या अवस्था अंड्याच्या आतच उरकल्या जातात. त्यासाठी अंड्यात बलक भरपूर लागतो, म्हणून अंडी मोठी, आणि मोठी म्हणून थोडी. समुद्रातील मादीजवळ लाखाच्या घरात अंडी, तर येथे फार तर काही शे. अंडी फुटल्यावरही पिले काही दिवस आईच्या पोटाच्या झडपेखाली राहतात आणि पावसाचे पाणी खेळू लागले की बाहेर पडतात. कारण उघड आहे. तरंगणारी झोइया ओढ्याच्या पुरात टिकली नसती आणि वाहून समुद्राला मिळाली असती तरी परत कशी येणार?

येथे भाषेविषयी एक गोष्ट नमूद करावीशी आहे. अरबी-उर्दूतील सरतान हा शब्द खेकडा, राशी आणि रोग या तिन्हींसाठी येतो. मराठीत कर्क रास आणि कर्करोग हे शब्द त्याच कल्पनेवर उभे आहेत. १४०५ मध्ये निधन पावलेल्या अद-दमीरी यांच्या ‘हयातुल हैवान’ या प्राणिकोशातही सरतान हा स्वतंत्र शब्द आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला परिभाषा समजावताना एवढा दुवा पुरेसा होतो.

प्रजननाच्या या दोन पद्धतींचा परिणाम पिलांपुरता थांबत नाही. किनारी खेकड्याच्या झोइया प्रवाहाबरोबर दूर जातात. हा खेकडा १८१७ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आढळला, १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात. १९९७-९८ च्या एल निनोच्या वेळी उत्तरेकडे वाहणाऱ्या प्रबळ प्रवाहांनी त्याच्या पिलांना पुढे नेले आणि तो कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचला. तेथे आता तो उपद्रवी मानला जातो. एखाद्या किनाऱ्यावरील खेकडे नष्ट झाले तरी दुसरीकडच्या झोइया ती जागा भरून काढू शकतात.

ओढ्यातील खेकड्याला ही सोय नाही. त्याची पिले जेथे जन्मली तेथून चालत जेवढे जाता येईल तेवढीच जातात. डोंगराच्या दोन बाजूंना वेगळ्या जाती निर्माण होण्याचे हे एक कारण आहे. सह्याद्रीतून गेल्या काही वर्षांत खेकड्यांच्या नव्या जातींची वर्णने वरचेवर प्रसिद्ध झाली, त्यामागेही हेच आहे. परंतु जे वेगळेपण घडविते तेच धोक्यातही टाकते. २००९ मध्ये जगभरातील गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या १,२८० जातींचा आढावा घेण्यात आला, तेव्हा २२७ जाती धोक्यात असल्याचे आढळले आणि जवळजवळ निम्म्या जातींविषयी निर्णय देण्याइतकी माहितीच उपलब्ध नव्हती.

सांवेर रोडच्या बाजूने वाहणारी कान्ह नदी, जिला खान असेही म्हणतात, इंदूरचे सांडपाणी घेऊन उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी घाटांकडे जाऊ नये म्हणून बंद नळातून वळविण्यात आले. पुढे शहराने नाल्यांत मिसळणारे सांडपाणी अडविले आणि २०२१ मध्ये इंदूरला ‘वॉटर प्लस’ दर्जाही मिळाला. मात्र पाणी सुधारणे आणि प्राणी परत येणे यांत अंतर असते. पात्राच्या ज्या तुकड्यातील खेकडे संपले, तेथे नवे येतील ते जवळच्या जिवंत ओढ्यातून, पायी. तो ओढा शिल्लक आहे की नाही, यावर सर्व अवलंबून आहे.

महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकासाठी हा विषय सोयीचा आहे. मादी व नर ओळखण्यास उपकरण लागत नाही : पोटाखालची झडप अरुंद व निमुळती असेल तर नर, रुंद व गोलसर असेल तर मादी. जून-जुलैमध्ये गावाबाहेरच्या ओढ्याकाठी सकाळी गेल्यास पाहणी होऊ शकते. बीळ खणू नये. मादी पाठीमागून धरावी. झडपेखाली अंडी किंवा पिले दिसली तर ती बोटाने मोकळी न करता मोजदाद अंदाजाने करावी, रंग नोंदवावा आणि मादी जेथे सापडली त्याच जागी, त्याच काठावर, सोडावी.