तेलाची खूण आणि तेलाचा साठा

मालवणच्या समुद्रात तेलाचे साठे सापडले, अशी वार्ता 2025 च्या ऑगस्टात वृत्तपत्रांतून झळकली. सिंधुदुर्गाचे आता आखात होणार, असे स्वप्न काहींना पडावे आणि आपल्या मासेमारीचे काय होणार, अशी धास्ती इतरांनी घ्यावी, हे साहजिकच होते. परंतु ‘सापडले’ म्हणजे नेमके काय झाले, हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. बातम्यांत ठळकपणे छापला गेला तो क्षेत्रफळाचा आकडा. चौरस किलोमीटर हे शोधाच्या जागेचे माप आहे, तेलाचे नव्हे. विहिरीला पाणी किती, हे सातबाऱ्यावरून कळत नाही.

तेल आहे की नाही, हे सांगू शकते ती एकटी विहीर; आणि तीही पहिल्या शब्दात खरे सांगतेच असे नाही. खोदकाम चालू असताना नळातून खाली सोडलेला चिखल खडकाचा चुरा घेऊन वर येतो. तीन हजार मीटरांवरचा चुरा वर पोचायला तास-दीड तास लागू शकतो आणि वाटेत वरच्या थरांचे ढासळलेले तुकडेही त्यात मिसळतात. भूशास्त्रज्ञ तो चुरा धुऊन अतिनील दिव्याखाली धरतो. तेल असल्यास तो चमकतो: जड तेल तपकिरी, हलके पिवळट वा निळसर पांढरे. पण चुनखडीतील काही खनिजेही चमकतात आणि नळाच्या आट्यांना लावलेले वंगणही चमकते! म्हणून चुऱ्यावर द्रावकाचे थेंब टाकून त्यात रंग उतरतो का, हे पाहावे लागते. चिखलातून सुटणारा वायूही मोजतात. नुसताच मिथेन निघाला, तर त्यावरून तेलाचा निर्वाळा देता येत नाही. इथेन, प्रोपेन, ब्युटेन योग्य प्रमाणात सोबत असतील, तर आशेला आधार मिळतो. या साऱ्या खुणांना त्या धंद्यात ‘शो’ म्हणतात.

आम्ही पूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. हात वर करणाऱ्या प्रत्येक मुलाला उत्तर येतेच असे नसते, हे तेथे लवकर कळते. विहिरीच्या ‘शो’चेही तसेच आहे. एके काळी तेथे असलेले तेल निसटून गेलेले असते, खडकाच्या छिद्रांत त्याचा डाग तेवढा राहतो. दिव्याखाली तो झकास चमकतो आणि विहीर मात्र पाणी देते. म्हणून विद्युत्‌ मापने घेऊन, अखेर तो थर मोकळा करून वाहू द्यावा लागतो. दिवसाला किती पिंपे आली, दाब किती टिकला, सोबत पाणी किती, यांवर निकाल लागतो. तो लागल्यावरही साठ्याचा विस्तार ठरविण्यास आणखी विहिरी खणाव्या लागतात.

मुंबई हायचे उदाहरण या संदर्भात सर्रास दिले जाते. तेथे 1974 साली ‘सागर सम्राट’ने तेल काढून दाखविले आणि 1976 साली उत्पादन सुरू झाले, हे खरेच. पण तेथील सच्छिद्र चुनखडी कोकणापुढील समुद्रात तशीच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. येथे सागरतळाखाली दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर आहेत. सर्वेक्षणाच्या ध्वनिलहरी त्यांत विखुरतात व खालचे चित्र अंधुक होते. कोकण-केरळ खोऱ्यातून आजवर व्यापारी उत्पादन झालेले नाही. म्हणून शोधच घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी बहुतांश तेल परदेशांतून येते, तेव्हा शोध अवश्य घ्यावा. घाई घोषणेची नको. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 2005 साली 20 लक्ष कोटी घनफूट वायूची घोषणा गाजली. काढता येण्याजोगा साठा पुढे त्याच्या दशांशाहूनही कमी ठरला.

(पावसाळ्याच्या तोंडी किनाऱ्यावर येणारे डांबरी गोळे हाही कित्येकांना पुरावा वाटतो. ते जहाजांतून सांडलेल्या तेलाचेही असू शकतात.)

मच्छीमारांचा प्रश्न मात्र तेल निघेपर्यंत थांबणारा नाही. सर्वेक्षणाचे जहाज मैलोगणती तारा ओढीत फिरते, तेव्हा जाळ्यांना वाट सोडावी लागते. खोदकामाच्या फलाटाभोवती 500 मीटरांचे सुरक्षाक्षेत्र राखले जाते. एक फलाट म्हणजे मोठी जागा नव्हे. पण ऐन हंगामात जाळी काढून घेण्याचा हुकूम आयत्या वेळी मिळाला, तर नुकसान खरे असते, मग विहिरीतून काहीही निघो. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्यही आहे.

तेव्हा सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी सरकारला तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या विहिरीत, किती खोलीवर ‘शो’ मिळाला? त्या थराची प्रवाह-चाचणी झाली काय? झाली असल्यास तेल किती व पाणी किती आले? आणि सर्वेक्षणाचे वेळापत्रक व नुकसानभरपाईचा दर पावसाळी बंदी उठण्यापूर्वी मराठीतून प्रत्येक बंदरावर लावून घ्यावा.