वऱ्हाडातला दुसरा मृग

वऱ्हाडात मृग म्हणजे जून. सात-आठ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि पऱ्हाटीचे बियाणे घरात आणून ठेवलेला शेतकरी ढगांची वाट पाहतो. ज्या चांदण्यांवरून या दिवसांना नाव मिळाले, त्या मात्र तेव्हा सूर्याच्या उजेडात बुडालेल्या असतात. त्या भेटतात हिवाळ्यात. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका आहे. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा तेजोमेघ डिसेंबरच्या मध्यात मध्यरात्रीच्या सुमारास अमरावती-अकोल्याहून दक्षिणेला ६४ अंश उंचीवर येतो. शहरातल्या गच्चीवरूनही त्याचे उत्तम छायाचित्र निघते, हे अनेकांना खरे वाटत नाही.

ते शक्य होते, कारण तारे सगळ्या रंगांत प्रकाशतात, तर तापलेला विरळ वायू मोजक्याच तरंगलांबींवर. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनची हिरवट निळी ५००.७ वर. दुहेरी नॅरोबँड फिल्टर या दोन फटी तेवढ्या उघड्या ठेवतो. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड त्याच्यापुढे अडतो. पांढऱ्या एलईडीचा उजेड सर्व रंगांत पसरलेला असल्याने थोडा आत शिरतोच; म्हणून फट जितकी अरुंद, तितके आकाश काळे.

रंगीत कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. हायड्रोजनचा प्रकाश जवळपास एकट्या लाल पिक्सेलच्या वाट्याला येतो, ऑक्सिजनचा हिरव्या आणि निळ्या अशा तिघांच्या. लाल आणि हिरवे-निळे वेगळे काढले की एकाच रात्रीच्या चित्रांतून दोन वायूंचे दोन नकाशे मिळतात. गंधकाची रेषा ६७२ च्या आसपास, म्हणजे तीही लाल पिक्सेलवरच. तिच्यासाठी दुसरा फिल्टर आणि दुसरी रात्र लागते. हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या प्रसिद्ध ‘सृष्टीच्या स्तंभां’मध्ये हे तिन्ही वायू वेगवेगळे टिपून त्यांना रंग दिले होते. अशा रंगांना खोटे म्हणणे मला पटत नाही. कोणता वायू कुठे आहे, हे त्यांतूनच वाचता येते.

ऑक्सिजनच्या या रेषेशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालिय तारकासमूहातल्या एका तेजोमेघात ती पाहिली, पण पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. त्यांच्याच काळातले खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष होती. तसे असते तर ती एका बाजूने पसरट दिसायला हवी होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ मध्ये मृगातल्या याच तेजोमेघाचा वर्णपट तपासला. रेषा प्रत्येक वेळी बारीक आणि रेखीव दिसली. लॉकियर यांच्यासारख्या वजनदार माणसाचे मत पुण्यातल्या निरीक्षणाने डळमळीत केले, याचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो. उत्तर मिळाले १९२७ मध्ये: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, असे आयरा बोवेन यांनी दाखवले. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत हा अणू प्रकाश सोडण्याआधीच दुसऱ्यावर आदळतो. तेजोमेघात त्याला तेवढा निवांतपणा मिळतो.

वऱ्हाडात खरी झुंज उष्णतेशी. सेन्सर सहा-सात अंशांनी तापला की त्यातला अंधारी प्रवाह, म्हणजे प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह, साधारण दुप्पट होतो. थंड करता येणारे कॅमेरे हवेपेक्षा तीस-पस्तीस अंश खाली जातात. डिसेंबरात उणे दहा सहज गाठता येते. मे महिन्यात धनू राशीतले तेजोमेघ टिपताना शून्यावर समाधान मानावे लागते. म्हणून हा प्रवाह चित्रातून वजा करणाऱ्या डार्क फ्रेमचे दोन संच हवेत, हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा. ध्रुवतारा इथे जेमतेम २१ अंशांवर असतो. उत्तरेला शेजारची माडी असली की दुर्बिणीचा माउंट त्याच्याशी जुळवणेच अवघड.

दीर्घिकांसाठी मात्र नॅरोबँड फिल्टर उपयोगाचा नाही. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सर्वरंगी. त्यासाठी काळोखच हवा. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांनीही दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवावीत, असे मला मनापासून वाटते.

दिवाळीची अमावस्या चंद्राविना असते, पण फटाक्यांचा धूर खालच्या हवेत रेंगाळतो. चार-सहा दिवस थांबावे. मग पाच-पाच मिनिटांची चाळीस-पन्नास चित्रे घ्यावीत, एकावर एक रचावीत आणि हिरवा-निळा भाग वेगळा उघडावा. पडद्यावर जे उमटते, ती पुण्यात पाहिलेलीच रेषा, आता चित्र होऊन पसरलेली.