शेजारी कुणी बसलं की अभ्यास का होतो?

पोरगं एकटं असलं की पुस्तक तासभर त्याच पानावर. आई शेजारी तांदूळ निवडत बसली की गणितं भराभर सुटतात. ती शिकवत काहीच नाही, नुसती असते.

एडीएचडी, म्हणजे लक्ष एकवटायला अडचण येण्याची स्थिती, असलेली मंडळी हीच युक्ती इंटरनेटवरून एकमेकांना देतात. कॅमेरा सुरू, आवाज बंद, जो तो आपापल्या कामात. नाव ‘बॉडी डबलिंग’.

एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे वळवणं जड जातं. इंजिन दणकट, स्टार्टर ढिला. मेंदूतलं डोपामाइन बक्षिसाची ओढ लावतं, पण महिन्याभराने येणाऱ्या निकालाची ओढ या मेंदूला फार क्षीण जाणवते. शेजारचा माणूस मात्र आत्ता, इथे असतो. त्याच्या नुसत्या असण्याने सावधपणा वाढतो. सायकलस्वार सोबतीने अधिक वेगात जातात, हे नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्येच मांडलं होतं. १९६५ मध्ये रॉबर्ट झायोन्क यांनी त्यातली मेख दाखवली: सोबतीत सवयीचं काम सुधारतं, नवं अवघड काम बिघडू शकतं. म्हणजे उजळणी, भांडी, फायली सोबतीने; नवा धडा एकट्याने बरा.

कर्नाटकात काळी नदीच्या जंगलातल्या जोयडा तालुक्यात कित्येक वाड्यांवर मोबाइलची रेंज रुसलेली. तिथे कसला व्हिडिओ कॉल! पण पडवीत आजी बसली तरी चालतं. अर्थात हा उपचार नव्हे. त्यासाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे, आणि रेंज मिळालीच तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं.