गुहेंतील थेंबांची बखर

मेघालयांत चेरापुंजीजवळ मॉम्लुह नांवाची चुनखडीची गुहा आहे. तिच्या छतांतून ठिबकणाऱ्या पाण्यांतील चुना खालीं थरावर थर बसत जातो व त्याचा लवणस्तंभ वाढतो. अशा एका स्तंभावरून भूशास्त्रांतील एका कालखंडाला नांव मिळालें आहे.

थराचें वय कसें काढतात? युरेनियम पाण्यांत विरघळतें. थोरियम जवळजवळ विरघळतच नाहीं. म्हणून नव्या थरांत थोरियम नसल्यासारखेंच असतें. पुढें युरेनियमाचा क्षय होऊन तें ठराविक गतीनें सांठतें. दोहोंचें प्रमाण मोजलें कीं वय कळतें. सुमारें ६ लाख वर्षांपर्यंत हें घड्याळ चालतें. मात्र थेंबाबरोबर माती आली असल्यास तिच्यांतील थोरियम हिशेब बिघडवितें.

पावसाची खूण प्राणवायूंत असते. मोसमी पाऊस जोरदार असला म्हणजे पाण्यांत जड प्राणवायूचा अंश घटतो. अर्थात् ढग कोठून आले यावरही तें अवलंबून असतें. मॉम्लुहच्या स्तंभांत सुमारें ४२०० वर्षांपूर्वीं हा अंश वाढलेला, म्हणजे पाऊस उणावलेला, आढळला. त्यावरून तेव्हांपासून आजपर्यंतच्या कालखंडास २०१८ सालीं ‘मेघालयन’ हें नांव मान्य झालें.

परंतु त्याच वर्षीं त्याच गुहेंतील दुसऱ्या स्तंभांचें अधिक बारकाईचें कालमापन प्रसिद्ध झालें. त्यांत पावसाची एकाएकीं झालेली घट सुमारें ४००० वर्षांपूर्वींची ठरली! सिंधुसंस्कृतीचीं नगरें याच अवर्षणानें ओस पडलीं असें म्हणणाऱ्या विद्वानांस आतां या दोनशें वर्षांचा हिशेब द्यावा लागतो.